उशाशी पुस्तकांचं कपाट

तू पाठवलेले सगळे फोटो पाहिले. पलंगामागे जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकांच्या रांगा, मधोमध पांढरीशुभ्र गादी, वरून पिवळा उजेड. मन हरखून जावं असंच आहे ते. म्हणून पहिल्यांदा हे सांगते, की पलंगाच्या उशाला पुस्तकांचं कपाट तू करच. आणि लगेच दुसरं, की फोटोतल्यासारखं मात्र करू नकोस. का, ते सविस्तर लिहिते. चहा घेऊन बस, कारण यात मोजमापं आहेत आणि थोडं आपल्या दोघींतलं बोलणंही आहे.

करच म्हणते, त्याचं कारण तुला ठाऊक आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तुझी पुस्तकं अजून आईकडे माळ्यावर खोक्यांत आहेत. दिवाळीला येतेस, स्टुलावर चढून एखादं काढतेस, धूळ झटकतेस आणि पिशवीत घालून नेतेस. आता बीड बायपासला स्वतःचं घर झालं. हॉलमध्ये टीव्ही युनिट झालं, स्वयंपाकघरात ट्रॉल्या झाल्या, देवघर झालं, जावईबापूंच्या लॅपटॉपला टेबल झालं. तुझ्यासाठी म्हणून काय झालं? हे कुणावर आरोप म्हणून विचारत नाही, आपल्याकडे सगळ्याच घरांत असं होतं. पण मला ते लागतं. दिवसभरात तुला वाचायला वेळ मिळतो तो रात्री, डबे घासून, दुधाला विरजण लावून, पिल्लू झोपल्यावर. तेव्हा उठून हॉलमधल्या कपाटापर्यंत जायचं त्राण उरत नाही, हाताशी असतो तो मोबाइल आणि त्यातच तास जातो. तेव्हा पुस्तकच हाताशी हवं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, की हात लांबवला की पुस्तक मिळेल असं कपाट कर. बाकीचं सगळं त्यावरून ठरतं.

आता फोटोतल्यासारखं का नको, ते ऐक.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तू पाळण्यात होतीस. मला मात्र ते दिवस आठवतात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक गेली ती धक्क्यापेक्षा डोक्यावरच्या ओझ्यामुळे. मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाची मणामणाची माती, ती झोपेतच अंगावर आली. आपलं शहर किल्लारीपासून लांब आहे आणि तुझी इमारत आरसीसीची आहे, हे मला कळतं. पण २०२४ मध्ये हिंगोली, परभणी, नांदेडकडे धक्के बसलेच ना? मराठवाड्यात वाढलेल्या माणसानं झोपलेल्या लेकराच्या डोक्यावर सहा फूट उंचीवर वजन टांगू नये, असं मी अगदी मनापासून मानते. आणि वजन थोडंथोडकं नसतं. आपल्या नेहमीच्या डेमी आकाराच्या कादंबऱ्या एक फूटभर रांगेत उभ्या केल्या की सहा-सात किलो होतात. पाच फुटांची एक फळी म्हणजे तीस-पस्तीस किलो. तशा चार फळ्या तुमच्या तिघांच्या डोक्यांवर! भूकंपच कशाला हवा, भिंतीत स्क्रूसाठी ठोकलेली एखादी गिट्टी सैल झाली तरी पुरे. तेव्हा उशाचं कपाट साडेतीन फुटांच्या वर न्यायचं नाही. वरची भिंत मोकळी राहू दे.

फोटोंतली दुसरी अडचण रोजच्या वापरातली आहे. त्यात पुस्तकं थेट उशीच्या मागे उघड्या कप्प्यात असतात. तू टेकून बसलीस की फळीची कड मणक्यात रुतणार, आणि पुस्तक काढायचं तर आधी उशी हलवायची, मग नवऱ्याला हलवायचं. शिवाय आपण तेल लावणाऱ्या बायका. रविवारी रात्री डोक्याला खोबरेल थापलंस आणि तशीच मागे टेकलीस, तर पुस्तकाच्या पाठीवर जो डाग उतरतो तो जन्मात जात नाही. कागद तेल ओढून घेतो, आधी मुखपृष्ठाचा कोपरा पारदर्शक होतो, मग आतली पानं पिवळी पडत जातात. उशीमागच्या कप्प्यात पुस्तक ठेवूच नये.

मग कसं करायचं? मधे टेकायला बंद पाठ आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंना बाहेर येणारे दोन अरुंद उभे खण. पुस्तकं त्या खणांत. झोपल्या झोपल्या हात बाजूला केला की पुस्तक मिळतं आणि बेडसाइड टेबल वेगळं घ्यावं लागत नाही. आमच्या सिडकोतल्या घरात बेडरूम एवढीशी आहे, तिथं मी हेच केलं आणि मला ते फार मानवलं.

तुझा पलंग पाच फूट रुंद आहे, म्हणजे ६० इंच. दोन्हीकडे एकेक फुटाचा खण धरला की एकूण ८४ इंच, सात फूट. उंची ४२ इंच. खोली पावणेआठ इंच. आठ नाही, पावणेआठ. कारण सांगते. प्लायची शीट आठ फूट बाय चार फुटांची येते. चार फुटांचे म्हणजे ४८ इंचांचे सहा सारखे पट्टे काढायचे, तर करवतीचं पातं प्रत्येक कापाला थोडं लाकूड खातं. पावणेआठचे सहा पट्टे निघून ते नुकसान भरून निघतं. आणि आपल्या पुस्तकांना ते भरपूर होतं. डेमी पुस्तक साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असतं. फोटोतल्या त्या फूटभर खोल कप्प्यांत पुस्तकांमागे नुसती धूळ साठते आणि पलंग मात्र उगाच पुढे सरकतो. तुझी खोली दहा फुटांची. पलंग साडेसहा फूट, त्यात पावणेआठ इंच मिळव, पायथ्याशी पावणेतीन फुटांच्या आसपास जागा उरते. तेवढ्यात समोरच्या कपाटाचं दार उघडतं का, ते आधी उघडून बघ.

सहा पट्ट्यांत सगळी चौकट बसते, हे मला या कामातलं सगळ्यात आवडतं. ४२ इंचांचे चार उभे तुकडे लागतात, प्रत्येक खणाला दोन, ते दोन पट्ट्यांतून निघतात. वरची अखंड फळी ८४ इंचांची, तो तिसरा पट्टा. मधल्या भागात वरच्या फळीला आधार म्हणून दोन उभ्या पट्ट्या, तो चौथा. दोन्ही खणांच्या मिळून सहा छोट्या फळ्या, प्रत्येकी साधारण साडेदहा इंचांच्या, तो पाचवा. सहाव्यातून मधल्या भागाला खालून जोडणारी ६० इंचांची आडवी पट्टी. वरची फळी उभ्यांच्या डोक्यावर बसते, म्हणून उभे तुकडे कापताना तिची जाडी वजा कर. नाहीतर उंची पाऊण इंचानं वाढेल. ही सगळी प्लाय १८ मिमीची. याखेरीज ९ मिमीची एक शीट. तिच्यातून मधली पाठ आणि दोन्ही खणांच्या मागच्या बाजू निघतात. मागची प्लाय दिसत नाही म्हणून ती वगळायचा मोह होतो, पण तिच्यामुळेच चौकट तिरकी होत नाही. तिच्याशिवाय सगळं डुलतं.

मधल्या आधारांबद्दलही असंच. १८ मिमीच्या फळीवर पुस्तकं ठेवायची तर आधाराशिवायची लांबी अडीच फुटांच्या वर नेऊ नये. फळीची लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच दाटीनं पुस्तकं ठेवूनही तिचा बाक सोळापट होतो. म्हणून तर आईकडची ती लांब फळी मधून झोपाळ्यासारखी लोंबली आहे. खणातल्या साडेदहा इंची फळ्यांना ही भीती नाही, त्या वाकणारच नाहीत.

खणातल्या फळ्यांची उंची अशी धर. सगळ्यात खालची जमिनीपासून चार इंचांवर, दुसरी चौदावर, तिसरी पंचविसावर. पंचवीस का, तर गादीचा वरचा पृष्ठभाग साधारण तेवढ्यावर येतो. त्या फळीवर चष्मा, पाण्याचा तांब्या, चालू पुस्तक आणि फोन. खालच्या दोन्हींत पुस्तकं उभी. पिल्लूच्या बाजूचा सगळ्यात खालचा कप्पा त्याचा त्याला देऊन टाक. आपण ‘किशोर’ वाचत मोठ्या झालो, बालभारती १९७१ पासून काढतेय ते, अजून निघतं. त्याचा हात जिथं पोचतो तिथं त्याची पुस्तकं असली की तो आपोआप ओढून बसतो. दिवाळी अंक आकारानं मोठे असतात, ते उभे मावले नाहीत तर खालच्या कप्प्यात आडवे टाक. दोन्ही खणांत मिळून पन्नास-साठ पुस्तकं बसतील. बाकीची हॉलमध्येच शोभतात. उशाशी फक्त चालू असलेली, पुन्हापुन्हा लागणारी आणि जिवाच्या जवळची.

वरच्या लांब फळीवर पुस्तकांची रांग लावू नकोस. दोन-चार आडवी ठेव, वाचनालयाचं पुस्तक तिथं ठेव म्हणजे परतीची तारीख डोळ्यांसमोर राहील. आणि फळीच्या पुढच्या कडेला एक इंचाची पट्टी मार, नाहीतर रात्री एखादं घसरून तोंडावर येतं. काचेची फोटोफ्रेम तर तिथं नकोच.

प्लाय घेताना दुकानदार विचारेल, कमर्शियल की मरीन. बेडरूमला मरीनची गरज नाही. त्याचा मानक क्रमांक आयएस ७१०, ते सतत पाण्याशी संबंध येणाऱ्या कामाला. तुला आयएस ३०३ ची प्लाय पुरते, पण त्यातली बीडब्ल्यूआर घे, एमआर नको, कारण फरशी पुसताना रोज खाली पाणी लागणार. शिक्का शीटवर छापलेला असतो, तो स्वतः वाच. मग शीटची कड उजेडाकडे धरून बघ. थरांमध्ये पोकळ भेगा दिसल्या तर ती शीट बाजूला ठेवायला सांग. तिथं स्क्रू धरणार नाही. लाजायचं नाही. दुकानात आपण बायका गेलो की ‘मिस्त्रीला पाठवा’ म्हणतात. तू कागदावर सगळे तुकडे काढून ने, मापं लिहिलेली. कागद पाहिला की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी स्वतः पाहिलंय.

कापायचं काम घरी करू नकोस. शीट कापून देणारी मशीन बऱ्याच प्लायच्या दुकानांत असते, नसली तर ते शेजारच्या कारखान्यातून कापून आणून देतात. तिथले काप सरळ येतात आणि निम्मं काम तिथंच होतं. घरी आणल्यावर तुझ्याकडे राहतं ते भोकं पाडणं, फेव्हिकॉल लावणं, स्क्रू पिळणं आणि घासणं. हे तुला सहज जमेल. तू शाळेत असताना रेडिओ खोलून पुन्हा बसवला होतास, विसरलीस?

जोडताना एकच पथ्य कडक पाळ. प्लायच्या कडेत स्क्रू थेट घुसवायचा नाही. आधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडायचं, मग फेव्हिकॉल, मग दोन इंची स्क्रू. भोक न पाडता स्क्रू पिळला की कडेचे थर फाकतात आणि तो सांधा कायमचा कच्चा राहतो. सगळी चौकट आधी जमिनीवर आडवी जोड. मागची प्लाय ठोकण्याआधी इंची टेपनं दोन्ही कर्ण मोज, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. ८४ बाय ४२ च्या चौकटीचा कर्ण ९४ इंचांच्या किंचित आत येतो. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट गुण्यात आहे. एक मोठा आला तर त्या कोपऱ्यावर हातानं दाब दे, चौकट सरकते, पुन्हा मोज. मिस्त्री लोक हेच करतात. या क्षणाला फार बरं वाटतं गं, आपल्या हाताखाली वाकडी वस्तू सरळ होताना बघून.

मधल्या पाठीला फोम आणि कापड. फोम दोन इंचांचा पुरे. कापड हिमरूचं लावावं असं तुला वाटेल, कारण आपल्या शहराचं ते. मला ते फार प्रिय आहे, पण रोज डोकं टेकायच्या जागी हिमरू नको, त्याची वीण आणि तेल यांचं जमत नाही. साधं जाड सुती कापड लाव, आणि ते वेलक्रोनं चिकटव, म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनी काढून धुता येईल. हिमरूचा तुकडा वरच्या भिंतीवर लाव. ती आपण मोकळी ठेवलीच आहे, आणि कापडाचं वजन ते कितीसं.

आता भिंत कुठली, हा प्रश्न. सासूबाई उत्तरेकडे डोकं नको म्हणतील. त्यांचं ऐक. त्यात वाद घालून काही मिळत नाही, आणि दक्षिण किंवा पूर्व मिळत असेल तर आपलीही सोयच आहे. माझी काळजी वेगळी आहे. पश्चिमेची बाहेरची भिंत असेल तर मे महिन्यात ती रात्री अकरापर्यंत तापलेली असते, आणि पावसाळ्यात तीच ओल धरते. पुस्तकांना दोन्ही वाईट. दुसरी भिंत नसेलच, तर कपाट आणि भिंत यांत अर्धा-पाऊण इंचाची फट ठेव, हवा खेळू दे.

आणि कूलर. हे कुठल्याही फोटोत दिसणार नाही, कारण ते फोटो काढणाऱ्यांच्या खिडकीत कूलर नसतो. आपल्याकडे एप्रिल-मे दोन महिने रात्रभर कूलर चालतो आणि त्याचा ओलसर झोत थेट पलंगावर सोडलेला असतो. त्या झोतात पुस्तकं आली की पानं लाटालाटांची होतात, मुखपृष्ठं वळतात, बांधणीच्या खळीला बुरशी धरते. कूलरची खिडकी ज्या बाजूला आहे, त्या बाजूच्या खणात त्या दोन महिन्यांपुरतं काही ठेवू नकोस, किंवा झोताची पट्टी वर वळव. कोरड्या उन्हाळ्यात पुस्तकं छान राहतात, आपणच त्यांच्यासाठी घरात पावसाळा तयार करतो.

भिंतीला पक्कं करणं टाळायचं नाही, कपाट बुटकं असलं तरी. पिल्लू त्या खणांवर चढणार, हे धरूनच चाल. वरच्या फळीखाली चार ठिकाणी एल-अँगल लाव. पश्चिमेच्या भिंतीवर फट ठेवलीस तर तेवढ्याच जाडीचा लाकडी ठोकळा मधे घालून अँगल कस. पण आधी भिंत कशाची आहे, ते बिल्डरच्या माणसाला विचार. नव्या इमारतींत विटांऐवजी पांढरे हलके एएसी ब्लॉक असतात. त्यात नेहमीची छोटी गिट्टी धरत नाही, ब्लॉकसाठीची लांब गिट्टी वेगळी मिळते, ती माग. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली ड्रिल लावायचं नाही. वायरींचे पाइप भिंतीतून तसेच उभे गेलेले असतात. पलंगाजवळचा स्विचबोर्ड खणाच्या मागे येत असेल, तर मागच्या प्लायला त्याच्या मापाचं चौकोनी भोक कापून घे, बोर्ड झाकू नकोस. चार्जरच्या वायरी मधल्या पाठीमागच्या पोकळीतून सोड, तेवढ्यासाठी ती पोकळी कामाची आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. भिंतीच्या तळाशी फरशीची स्कर्टिंग अर्धा इंच पुढे आलेली असते. कपाट भिंतीला टेकायला हवं असेल, तर उभ्या तुकड्यांच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात तेवढी खाच कापावी लागते. आणि उभ्या तुकड्यांखाली प्लास्टिकचे बुश ठोक, म्हणजे पुसण्याचं पाणी प्लायला लागणार नाही. खालून फुगलेली प्लाय दुरुस्त होत नाही.

वाळवीचं विचारलंस. तुझं घर चौथ्या मजल्यावर आहे, म्हणून फार घाबरू नकोस, पण भिंतीवर मातीची बारीक रेघ दिसली तर त्याच दिवशी फवारणीवाल्याला बोलाव. पुस्तकांचा रोजचा शत्रू म्हणजे कसर. तिला खळ आवडते, अंधार आवडतो आणि दमट हवा आवडते. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा कूलर बंद झाल्यावर, सगळी पुस्तकं बाहेर काढ, कोरड्या फडक्यानं पूस, सावलीत वाऱ्यावर ठेव. कडक उन्हात नको, बांधणी तडकते. कोपऱ्यात वेखंडाची पुरचुंडी ठेव, आजी ठेवायची तशी.

पॉलिश किंवा रंग दिवाळीच्या सुमारास काढ. पाऊस गेलेला असतो, हवा कोरडी असते. पावसाळ्यात पॉलिशवर पांढरट ढगाळपणा येतो आणि तो जात नाही. आणि रंग झाल्याच्या रात्रीच त्या खोलीत झोपू नका. आठवडाभर खिडक्या उघड्या, तोवर हॉलमध्ये गाद्या घाला. नव्या प्लायला आणि रंगाला जो उग्र वास येतो तो लेकराच्या छातीला चांगला नाही. प्लाय घेतानाच कमी वासाची, म्हणजे ई-झीरो किंवा ई-वन मिळते का विचार.

प्लायखेरीज आणखी दोन वाटा आहेत. आपल्या वाळूजला आणि शेंद्र्याला मशीनचे सुटे भाग ज्या लाकडी पॅलेटवर येतात, त्या भंगारवाल्यांकडे मिळतात. पाइन असतं, घासलं की सुरेख फिकट रेघा निघतात. पण परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखा एक शिक्का असतो, तो वाच. त्यात एचटी असेल तर ते लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं असतं, ते घे. एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते बेडरूममध्ये आणू नकोस. शिक्काच नसेल किंवा तेला-रसायनाचे डाग असतील तरी नको. दुसरी वाट म्हणजे जुन्या शहरात वाडे उतरवतात, तिथलं सागवान. गुलमंडीकडच्या वाड्यांची दारं, चौकटी, कधी कोरीव कमानीही निघतात. एखाद्या जुन्या दाराची मधली पाठ केलीस तर मला फार आनंद होईल, कारण ती सागवानं भट्टीत जातात तेव्हा पोटात तुटतं. फक्त वर पिठासारखी भुकटी दिसली तर आत कीड आहे असं समज आणि सोडून दे. खिळेही सगळे उपटून घे, नाहीतर करवतीचं पातं जाईल.

दिवा मात्र मनासारखा लाव. पिवळसर उजेडाचा, मान वळणारा, तुझ्या बाजूच्या खणाच्या आतल्या भिंतीवर, खांद्याच्या थोडा वर आणि मागे. उजेड पानावर पडावा, शेजारच्याच्या डोळ्यांवर नाही. हे मी मुद्दाम सांगतेय. माझ्या माहितीतल्या कितीतरी बायका ‘त्यांची झोपमोड नको’ म्हणून पुस्तक मिटून पडून राहतात आणि महिन्यांमागून महिने तसेच जातात. तुझ्या घरात तसं व्हायला नको. त्यासाठी भांडायचीही गरज नाही, पाच वॅटचा एक नीट लावलेला दिवा पुरतो. आणि जावईबापूंनाही एक खण आहेच की, त्यात त्यांना काय हवं ते ठेवू दे. माणसं स्वतःच्या हातानं ठेवलेल्या वस्तूला जपतात.

सगळं काम दोघांनी मिळून करा. तिघंजण असलात तर अजून बरं, उभी चौकट भिंतीला लावताना एकानं धरावी लागते. ड्रिल मशीन माझ्याकडे आहे, एएसी ब्लॉकच्या गिट्ट्या मी येताना घेऊन येते. तू या आठवड्यात तीन मापं काढून ठेव. जमिनीपासून गादीच्या वरपर्यंतची उंची, स्कर्टिंग किती पुढे आलीय ते आणि स्विचबोर्ड कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते. फोटो नको, आकडे पाठव. आणि आईला फोन करून माळ्यावरची खोकी उतरवून ठेवायला सांग, शनिवारी मी त्याच रस्त्यानं येतेय.